बिरादारांचं गोठलेलं दव

ज्योतीराम बिरादार जे बघतात ते बरोबरच बघतात, याबद्दल चाकणच्या त्यांच्या कंपनीत दुमत नव्हतं. गाड्यांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, ब्रॅकेटं आणि कसले कसले कोपरे तिथे यायचे. बिरादार एकेक नग उजेडात धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि 'घ्या' किंवा 'परत' एवढंच म्हणायचे. 'परत' ऐकलं की पुरवठादार चहा पाजायचे, मुलाच्या बारशाला बोलवायचे. एकाने तर गावाकडून हुरडा आणला होता. बिरादारांनी हुरडा खाल्ला, छान होता असं सांगितलं आणि माल परत पाठवला. अशा माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट जेव्हा अख्खी सोसायटी एकमताने नाकारते, तेव्हा त्या माणसावर काय काय गुदरतं, ते सांगतो.

जानेवारीतली थंडीची लाट होती. पिंपळे गुरवहून सुटणारी पहिल्या शिफ्टची बस मोशी ओलांडून पुढे गेली आणि हायवेवर कंटेनर आडवा झालाय म्हणून ड्रायव्हरने ती आतल्या रस्त्याला घातली. हीच अक्कल बाकी सगळ्या ड्रायव्हरांनाही सुचली असल्यामुळे बस शेतांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पहिल्या शिफ्टची बस ही जाग्या माणसांसाठी नसतेच. सगळे माना टाकून झोपले होते. एकटे बिरादार जागे होते, कारण शेजारच्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

बांधावरचं गवत पांढरं होतं. पलीकडची मेथी पांढरी होती. ठिबकची काळी नळीसुद्धा पांढरी होती. धुकं नव्हे, धुकं तरंगतं. हे बसलेलं होतं, पानापानाच्या कडेला. बिरादारांनी सवयीने एक डोळा बारीक केला, मग दुसरा. दव गोठलं होतं. उदगीरकडच्या माणसाने थंडी पाहिलेली असते, पण हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यांनी स्वेटरच्या आतल्या शर्टाच्या खिशातून मोबाइल काढेपर्यंत बस हलायला लागली. घाईने काढलेल्या फोटोत काचेत पडलेलं त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब आलं. त्यातही मुख्यत्वे मफलर.

तो फोटो त्यांनी 'बी विंग परिवार' या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आज चाकणजवळ दव गोठले. विलक्षण दृश्य.'

पहिलं उत्तर आलं, 'काका, मफलर मस्त.'

दुसरं उत्तर सुजितचं होतं. सुजित चौथ्या मजल्यावर राहायचा, हिंजवडीला आयटीत होता आणि त्याच्याकडे मोठा कॅमेरा होता. मोठा कॅमेरा असलेल्या माणसाला सोसायटीत निसर्गाविषयी शेवटचा शब्द बोलण्याचा अधिकार आपोआप मिळतो. त्याने लिहिलं, 'काका, शिवाजीनगरला मिनिमम नऊ डिग्री होतं. फ्रॉस्टला झिरो लागतं. एमआयडीसीत काही पांढरं दिसलं तर ते केमिकल असतं. प्लीज हात लावू नका.' पुढे हात जोडलेले.

तिसऱ्या मजल्यावरच्या इंदूरकडच्या शेजाऱ्यांनी 'पाला पडा होगा' असं लिहून बिरादारांची बाजू घेण्याचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे गोठलेल्या दवाला पाला म्हणतात. सेक्रेटरींनी मात्र तातडीने कळवलं की आवारातला पाला रोज सकाळी झाडला जातो आणि तक्रार असल्यास रजिस्टरमध्ये नोंदवावी.

बिरादारांच्या बाजूने ठाम उभे राहिले ते एकटे मारुतराव. मारुतराव तळमजल्यावर राहायचे. ही इमारत ज्या शेतावर उभी होती ते शेत त्यांचं होतं, त्यामुळे या जागेबद्दल ते अधूनमधून मालकाच्या आवाजात बोलायचे. त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला, "बिरादार खरं बोलत्यात. आमच्या लहानपनी हितं, ह्या पार्किंगच्या जागी, गुडघाभर बर्फ पडायचा. आमी त्यातनं शाळेला गेलोय." यानंतर बिरादारांवर विश्वास ठेवायच्या बेतात असलेल्या दोन-चार लोकांनीही विचार बदलला.

घरी मिनल, म्हणजे त्यांची बायको, पोळ्या लाटत होती. तिला त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर असेल."

"असेल म्हणजे? मी काय खोटं बोलायलो का?" चिडले की बिरादारांच्या तोंडात मराठवाडा यायचा.

"मी कुठं खोटं म्हटलं? असेलच म्हटलं की."

माणूस 'नाही' सहन करू शकतो. 'नाही'शी भांडता येतं. 'असेल'शी काय करणार?

गोष्ट इथवरच राहिली असती तर बिरादारांनी ती गिळली असती. पण बसमधलं कोणीतरी कंपनीत बोललं. दुपारी कॅन्टीनमध्ये कोणीतरी टेबलावर मीठ सांडून "साहेब, पळा, दव गोठलं" असं म्हणालं. आणि त्याच आठवड्यात गणराज आला. गणराजचं पावडर कोटिंगचं शेड होतं. पत्र्यावर रंगाची कोरडी पावडर उडवायची आणि भट्टीत भाजून पक्की करायची, असा तो धंदा. त्याच्या मालात बिरादारांना पांढरट डाग दिसले. ते म्हणाले, "परत."

एरवी गणराजने मान खाली घातली असती. यावेळी तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "साहेब, डाग आहेत, की ते बसमधून दिसतं तसलं काही आहे?"

आजूबाजूची माणसं हसली नाहीत. ती दुसरीकडे बघायला लागली, आणि ते जास्त लागलं. बिरादारांच्या लक्षात आलं, प्रकरण आता दवाचं राहिलेलं नाही. एकदा का यांचा डोळा चुकतो असं ठरलं, की मग उद्या प्रत्येक 'परत'वर वाद. फोटो पाहिजे. स्वच्छ, काच मधे नसलेला, मफलर नसलेला फोटो.

सुजित लगेच तयार झाला. "काका, प्रूफ पाहिजे तर प्रॉपर कॅमेरा पाहिजे. मी येतो." त्याने तो कॅमेरा पक्ष्यांसाठी घेतला होता आणि पिंपळे गुरवमध्ये मिळतात ते सगळे पक्षी, म्हणजे कबुतर, त्याने टिपले होते. मारुतराव म्हणाले, "माजी गाडी हाय की." त्यांची गाडी पांढरी, उंच आणि एवढी रुंद होती की ती आली की सांगवीच्या रस्त्यावर समोरून येणारे आपोआप विचार करायला लागत.

बातमी फुटल्यावर सल्ले आले. बॅटरी थंडीत मरते, ती काखेत ठेवा. सूर्य मागे ठेवा. सूर्य समोर ठेवा. जमीन ओली असते, गोणपाट न्या. पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी हळद घातलेलं दूध थर्मासमधून दिलं आणि सांगितलं, की दवावर अनवाणी चाललं तर डोळ्यांचा नंबर कमी होतो. हे शेवटचं बिरादारांना उद्देशून होतं की सहज होतं, याचा त्यांनी गाडीत बराच विचार केला.

रविवारी भल्या पहाटे तिघे निघाले. ते शेत सापडायला उशीर झाला, कारण बसमधून दिसणारं जग वेगळं आणि गाडीतून दिसणारं वेगळं. बिरादार "इथंच" म्हणायचे, सगळे उतरायचे, आणि तिथे वीटभट्टी निघायची. अखेरीस ठिबकची नळी ओळखू आली. थंडी होती, धुकं होतं, पण गवत हिरवंच होतं. मेथी हिरवी होती. सुजितने तरीही कॅमेऱ्याचे तीन पाय उभे केले.

"कोन हाय रं बांधावर?"

पाटी घेतलेल्या एक बाई धुक्यातून येत होत्या. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला टॉवेल. या यशोदाबाई. शेत त्यांचं होतं. त्यांनी आधी पांढरी गाडी पाहिली, मग पांढऱ्या कपड्यातले मारुतराव, मग तीन पायांवरचं ते यंत्र. चाकणच्या पट्ट्यात एवढ्या गोष्टी एकत्र बांधावर दिसल्या की जमिनीचं काहीतरी बरंवाईट होतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

सुजितने गोड आवाजात खुलासा केला, "आजी, घाबरू नका. आम्ही फक्त ते पांढरं बघायला आलोय."

यशोदाबाईंनी पाटी खाली ठेवली.

"आलात? आलात व्हय एकदाचं? दिवाळीपास्नं अर्ज करतीया मी. चपला झिजल्या माज्या. या, या हिकडं."

आणि त्यांनी बिरादारांच्या हाताला धरून शेताच्या मावळतीच्या टोकाला नेलं. तिथे एका शेडची उंच भिंत होती, भिंतीत मोठा पंखा होता आणि पंख्याखाली कोथिंबिरीचे वाफे होते. कोथिंबिरीवर फिकट पांढरा थर होता.

"ही बघा. बाजारात न्हेली तर बाया म्हनत्यात, मावशी, कोथमीर लग्नाला निघालीय का, पावडर लावलीय ती? त्यो पंखा सुरू झाला की ही असं उडतंय. शेडवाला म्हनतो, आमचं न्हाईच."

बिरादार म्हणाले, "मावशी, तुमचा गैरसमज होतोय. आम्ही सरकारी माणसं नाही."

"मग कोनाची?"

आपण कोणाचेच नाही असं म्हणवून घेणं मारुतरावांना कधीच मानवलं नव्हतं. ते छाती काढून म्हणाले, "आमी पिंपळे गुरवचं."

पिंपळे गुरवला असं काही ऑफिस असेल, असं यशोदाबाईंनी मनाशी धरलं. त्यांनी चहा ठेवला. गवती चहा घातलेला, दुधाळ, चुलीवरचा. तो प्यायल्यावर 'आम्ही खरं म्हणजे दवाचे फोटो काढायला आलो होतो' असं सांगायला तोंड उरलं नाही. बिरादारांनी कप खाली ठेवला आणि नाइलाजाने वाफ्याजवळ वाकून पाहिलं. नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून वॉचमनची शिट्टी वाजली, आणि पाठोपाठ शेडचा मालक आला.

तो गणराज होता.

बिरादार त्याच्याकडे बघत राहिले, तो बिरादारांकडे. गणराजच्या बाजूने विचार केला तर दृश्य भयंकर होतं. ज्या माणसाने परवा आपला माल परत पाठवला, तोच माणूस रविवारी पहाटे, कॅमेरा आणि पुढाऱ्यासारखा दिसणारा एक इसम बरोबर घेऊन, आपल्या भिंतीखाली ओणवा उभा आहे.

"साहेब," गणराज म्हणाला, "माल परत केला, ठीक. धंद्यात चालतं. पण भिंतीपर्यंत यायचं म्हणजे जरा जास्त होतंय, राव."

"मी दव बघायला आलो होतो," बिरादार म्हणाले.

"असू द्या, असू द्या," गणराज म्हणाला, आणि त्याने मोबाइलवर तिघांचा फोटो काढला. तो मात्र अतिशय स्पष्ट आला.

सोमवारी बिरादारांना परचेसच्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर तो फोटो होता.

"बिरादार, सुट्टीच्या दिवशी व्हेंडरकडे इन्स्पेक्शनला तुम्हाला कोणी पाठवलं?"

"सर, मी दव बघायला गेलो होतो."

"कोण दव?"

बिरादारांनी सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, हे लेखी द्या. बिरादारांनी लिहून दिलं, 'मी नैसर्गिक दृश्य पाहण्यास गेलो होतो.' ते एचआरकडून परत आलं. त्यावर शेरा होता, 'चाकण येथे? स्पष्ट करावे.' त्यांनी स्पष्ट केलं. तेही परत आलं. आता शेरा होता, 'दृश्याचा फोटो जोडावा.' आयुष्यभर दुसऱ्यांना परत पाठवणाऱ्या माणसाचे कागद असे परत येताना पाहून सेक्शनमध्ये कोणालाही वाईट वाटलं नाही.

मिनल म्हणाली, "सोडून द्या ना. माफी मागा आणि मोकळे व्हा."

"कशाची माफी? बघितल्याची?"

तिने त्यांच्या डब्यात एक पोळी जास्त ठेवली.

तिकडे यशोदाबाईंनी आणखी एक गोष्ट केली होती. त्या खऱ्या ऑफिसात, म्हणजे जिथे त्या दिवाळीपासून खेटे घालत होत्या तिथे गेल्या आणि म्हणाल्या, तुमी न्हाई आलात तरी चालंल, पिंपळे गुरवचं साहेब येऊन बघून गेलं. आपल्या आधी दुसरं कोणतं तरी ऑफिस जाऊन आलं, हे ऐकल्यावर त्या ऑफिसात जी हालचाल झाली ती अर्जांनी कधीच झाली नव्हती. पाहणीची तारीख ठरली. यशोदाबाईंनी बिरादारांना फोन केला. नंबर अर्थात मारुतरावांनी दिलेला होता.

"साहेब, तुमच्या लायनीतलं दुसरं साहेब येनार हायती. तुमी बी या. तुमी पयल्यांदा बघितलंय."

बिरादारांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांची नजर पेपरवर गेली. त्याच दिवसांत पुन्हा थंडीची लाट येणार होती. ते म्हणाले, "येतो."

त्यांनी रजा टाकली. कारणाच्या जागी 'वैयक्तिक' लिहिलं.

त्या सकाळी तिघे पुन्हा निघाले तेव्हा मारुतरावांच्या गाडीच्या काचा आतूनसुद्धा गार होत्या. इंद्रायणीचा पूल ओलांडला. गाडी शेताशी थांबली, दिव्यांचा झोत बांधावर पडला आणि सुजित हळूच म्हणाला, "काका."

सगळं शेत पांढरं होतं. बांध, गवत, मेथी, वाफ्यांमधली वाट, उलटी पडलेली बादली. गवताच्या प्रत्येक पात्याला बारीक पांढरे काटे फुटले होते. बिरादार खाली उतरले. बुटाखाली गवत करकर वाजलं. त्यांनी एक पान बोटांत धरलं, ते चटका बसावा इतकं गार लागलं आणि बोटाखाली त्याचं पाणी झालं.

"हे काहीच न्हाई," मारुतराव म्हणाले. "आमच्या येळंला—" पण मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

ऑफिसातले साहेब कानटोपी घालून आले होते. त्यांच्या पाठोपाठ गणराज आला. त्याने शेताकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा खुलला, की बिरादारांनी त्याचा सगळा माल डोळे मिटून घेतला असता तरी एवढा खुलला नसता.

"बघा साहेब! हे असतं रोजचं. दव! गोठलेलं दव! आणि नाव आमच्या पावडरीचं."

साहेब हात चोळत म्हणाले, "खरंच की. सगळीकडेच आहे. मग भिंतीचा प्रश्नच मिटला." त्यांना थंडी वाजत होती आणि प्रश्न मिटणं त्यांना मनापासून हवं होतं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला घेतलं, 'सदर पांढरा थर हा नैसर्गिक दवाचा असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले.' मग मान वर केली. "साक्षीदार कोण?"

"बिरादार साहेब!" गणराज म्हणाला. "आमचा माल जातो त्या कंपनीचे, क्वालिटीचे. साहेब, यांनी सगळ्यात आधी ओळखलं हे दव आहे. लोक हसले यांना. मी सांगतो, अख्ख्या चाकणमध्ये असा डोळा नाही."

गेल्या काही आठवड्यांत बिरादारांना जे जे ऐकायचं होतं, ते सगळं एका दमात त्यांच्या कानावर आलं. पेनही हातात आलं. कागदावर 'दव' हा शब्द सरकारी अक्षरात लिहिलेला होता. त्याची एक प्रत एचआरला दिली असती तर तोंडं बंद झाली असती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

यशोदाबाई बाजूला उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "साहेब, तुमी चा घेतला व्हता माज्याकडं."

बिरादारांनी टोपण पुन्हा लावलं. "आधी फोटो होऊ दे," ते म्हणाले. "फोटो झाला की सही." हे त्यांनी शहाणपणाने म्हटलं नव्हतं, तर वेळ काढायला म्हटलं होतं, हे नमूद करायला हवं.

सुजित गोणपाटावर पालथा पडला होता. "काका, लाइट नाहीये. सूर्य येऊ द्या. या लाइटमध्ये काढणं म्हणजे पाप आहे."

"काढ ना, भावा!" गणराज म्हणाला. "साहेबांना जायचंय."

"दोन मिनिटं."

सुजितची दोन मिनिटं आयटीतली होती. चहा आला. मारुतरावांनी कानटोपीवाल्या साहेबांना गुडघाभर बर्फाची हकिकत सांगायला घेतली. शेवटी उगवतीच्या टेकडीवरून ऊन आलं. ते सरळ शेतावर पसरलं आणि अख्खं शेत असं चमकलं की साहेबांचा चहाचा कप वाटेतच थांबला.

"आता!" सुजित ओरडला, आणि लगेच म्हणाला, "अरे यार."

इतका वेळ तोंडाशी धरल्यामुळे त्याच्याच श्वासाने लेन्सवर वाफ धरली होती. त्याने रुमालाने पुसली, ती फिसकटली. बिरादारांनी मफलर दिला. मफलरचे लोकरीचे धागे चिकटले. तो ते एकेक करून काढत होता आणि बिरादार शेताकडे बघत होते. बांधावरचं गवत ओलं झालं. मेथीवर थेंब लोंबायला लागले. बादली पुन्हा निळी झाली. पांढरेपणा शेतातून मावळतीकडे सरकत गेला, जणू कोणी चादर ओढून नेतंय, आणि बिरादारांचा पुरावा त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी होऊन जमिनीत गेला.

मग तो सरकायचा थांबला. पंख्याखालची कोथिंबीर पांढरीच राहिली. ऊन तिच्यावर सरळ पडलं होतं.

"इथलं जरा उशिरा वितळतं," गणराज म्हणाला.

सगळे थांबले. चहा संपला. यशोदाबाई पुढे झाल्या, त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि ते पांढरं बोट गणराजसमोर धरलं.

"घ्या. वितळवा."

बिरादार वाकले. त्यांनी कोथिंबिरीची एक काडी तोडली, उन्हात धरली, एक डोळा बारीक केला.

"पावडर आहे," ते म्हणाले. "तुमच्या परत केलेल्या मालावर होती तीच. साहेब, लिहिलंय ते खोडा. शेतात दव होतं, ते गेलं. हे दव नाही. असं लिहा, मी सही करतो."

साहेबांनी थोडी कुरकुर करून खोडलं. बिरादारांनी सही केली. मागे सुजितची लेन्स एकदाची स्वच्छ झाली आणि सोनेरी उन्हात त्याने धडाधड फोटो काढले. समोर जे होतं त्याचेच.

पंख्याला नोटीस लागली आणि मग कापडी पिशवीही लागली. ती भरली की गणराजचा माणूस ती झाडतो. कुठे झाडतो ते यशोदाबाई स्वतः उभ्या राहून बघतात. त्या कागदाची प्रत बिरादारांनी एचआरला दिली. त्यात दवाचा उल्लेख एका ओळीत होता, 'ते गेले' असा. एचआरने 'पाहिले' असा शेरा मारला आणि प्रकरण मिटवलं. गणराज आता 'परत' ऐकलं की पुन्हा मान खाली घालतो. मनात काय म्हणतो ते त्याचं त्याला माहीत.

पण सोसायटीचं राहिलं होतं. त्याच संध्याकाळी सुजितने ग्रुपवर फोटो टाकला. पानापानावर नाजूक पांढरा थर, मागे सोनेरी धूसर उजेड. खाली त्याने फक्त 'चाकण, आजची सकाळ' एवढंच लिहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं.

ग्रुप विरघळला. 'वा! काका, मानलं!' 'बिरादार काका बरोबर होते, आपण सगळे चुकलो.' 'काश्मीर कशाला पाहिजे?' 'मफलर मस्त' लिहिणाऱ्याने कान पकडल्याचं चित्र टाकलं. सेक्रेटरींनी हा फोटो मोठा करून लिफ्टसमोर लावायचा ठराव मांडला आणि तो बिनविरोध मंजूर झाला.

बिरादार कोचावर बसून ते वाचत होते. ते तसेच बसून राहिले असते तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांचा अंगठा आपोआप चालायला लागला. त्यांनी लिहिलं, 'फोटोतील पांढरा थर दवाचा नसून पावडर कोटिंगचा आहे. दव फोटोआधीच वितळले. ठराव रद्द करावा.'

मग एक उत्तर आलं.

'म्हणजे काका, पहिल्यापासून केमिकलच होतं ना? सुजितने तेव्हाच सांगितलं होतं.'

या उत्तराला चोवीस अंगठे मिळाले. त्यात एक सुजितचा होता.

बिरादारांनी मोबाइल पालथा ठेवला आणि उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मिनलने कढईत फोडणी टाकली होती. भिजवलेले पोहे चाळणीत निथळत होते. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ग्रुप तिच्याही मोबाइलवर होताच.

"कसं दिसत होतं हो?" तिने विचारलं.

"काय?"

"ते. शेतातलं. तुम्ही बघितलं ते."

बिरादार थोडे गोंधळले. होतं की नव्हतं, हे त्यांना सगळ्यांनी विचारलं होतं. सोसायटीने, कंपनीने, कागदावर, तोंडी. पण कसं दिसत होतं, हे कोणीच विचारलं नव्हतं. त्यांनी दाराला टेकून सुरुवात केली. "म्हणजे बघ, गवताचं पातं असतं ना, त्याच्या कडेला... साखर लावल्यासारखं. नाही, साखर नाही. साखर जाड असते. मिठासारखंही नाही. आणि ऊन पडलं तेव्हा..." ते थांबले. हातांनी काहीतरी दाखवलं. मग पुन्हा पहिल्यापासून, बस उभी राहिली तिथून सांगायला लागले.

मिनलने पोहे कढईत टाकले, झाकण हातात घेतलं आणि ते ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली.

त्या दिवशीचे पोहे खालून करपले. दोघांनीही तसेच खाल्ले.